नावेची मागची फळी

धान निघालं की आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कोंडा उडायला लागतो. राइस मिलांतून उठलेला कोंडा आणि त्याची काळसर राख वाऱ्यावर बसून गावभर हिंडते, आणि सकाळी अंगण झाडलं तरी दुपारी पायाखाली पुन्हा खरखरतं. वाळत घातलेल्या साडीवर, तुळशीच्या पानांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर तो असतोच. एके काळी या दिवसांत मी मिलवाल्यांच्या नावाने खडे फोडायचे. यंदा मात्र कोंड्याची वाट पाहत होते. कोंडा उडाला म्हणजे थंडी आली, आणि थंडी आली की मागच्या अंगणातल्या नावेचं काय ते ठरवते, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सगळ्यांना म्हणजे मुलाला. सांगण्यासारखा आता तेवढाच उरला आहे.

नाव जांभळाखाली लाकडी ओंडक्यांवर उभी आहे. तिचं तोंड वैनगंगेकडे आणि पाठ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. पाठ म्हणायची ती सवयीने, कारण पाठ तिला नाहीच. नावेला पुढून निमुळतं तोंड असतं, मागे मात्र एक सपाट, उभी, जाड फळी असते आणि मोटर त्या फळीवर टांगतात. आमच्या नावेची ती फळी कापून काढलेली आहे. चहा टाकायला उभी राहिले की मला थेट नावेच्या पोटात दिसतं. आतला बसायचा पाट दिसतो, बांबू दिसतो, त्याच्यावर साचलेला कोंडा दिसतो. उघड्या दारासारखं ते दृश्य रोज सकाळी समोर येतं आणि रोज सकाळी मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवते.

ही फळी आमच्या ह्यांनी कापली. हे इरिगेशनमध्ये सर्वेक्षक होते. नोकरीभर सरकारी बोटीत बसून नदीची खोली मोजली, आणि निवृत्त झाल्यावर शहाण्या माणसाने घरी बसावं तर स्वतःची नाव बांधून घेतली. वर जुनी मोटर कुठून तरी पैदा केली. ‘इतके दिवस सरकारसाठी नदी मोजली, आता फुकट पाहतो,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. फुकट पाहायला मला बरोबर न्यायचे, कारण दुसरं कोणी येत नसे. मी पुढे बसून बांबू पाण्यात टाकायचा आणि खोली ओरडून सांगायची, हे माझं काम. हयातभर यंत्रांनी मोजणारा माणूस, पण माझ्याकडून ‘घोटाभर’, ‘गुडघाभर’, ‘कमरेइतकं’ अशी मापं खुशाल चालवून घ्यायचा.

‘कमरेइतकं!’ मी ओरडायचे.

‘कोनाच्या? तुह्या का माह्या?’ मागून आवाज यायचा. मी बुटकी आहे, हा विनोद त्यांना जन्मभर पुरला.

थंडीतली वैनगंगा फार देखणी असते. पाणी निवळतं, तळाची रेती दिसते, रेतीच्या बेटांवर पाणकावळे पंख पसरून उन्हात बसतात. मोटर बंद केली की इतकं शांत व्हायचं की पल्याडच्या काठावर कुणी कपडे आपटत असलं तरी तो आवाज मागाहून, निवांत चालत आल्यासारखा यायचा. आम्ही काही बोलत नसू. ते आता आठवलं की वाटतं, न बोलायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. एकटीने गप्प बसणं ही वेगळीच गोष्ट आहे, ती मला गेल्या वर्षभरात कळली.

फळी सडली ती आमच्या दसऱ्यामुळे. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं, गाड्या, शिलाईचं मशीन, जे जे म्हणून कामाला येतं त्याची पूजा होते. पूजेला नाव नवी दिसली पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. म्हणून दरवर्षी नवरात्रात नाव पाण्यातून ओढून काढायची, आणि चारदोन दिवसांत तिला निळा ऑइल पेंट मारून, झेंडू बांधून, दसऱ्याला हळदकुंकू लावायचं. लाकडाने अख्खा पावसाळा पिऊन घेतलेला असे. ते वाळायच्या आधीच आम्ही वरून रंगाने त्याचं तोंड बंद करत होतो. शिवाय मोटरच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत जायला वाट होती, बाहेर यायला नव्हती. फळी वर्षानुवर्षं निळीशार चमकत राहिली आणि आतून कुजत गेली. मी तिच्यावर कौतुकाने स्वस्तिक काढत होते.

ते कळलं तेही गेल्या वर्षीच्या पूजेतच. आरती झाली, आणि ह्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्या फळीवर थाप मारली. ठण्ण वाजायच्या जागी भद्द असा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा भद्द. मग ताटातला प्रसाद बाजूला ठेवून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणला आणि बोल्टाजवळ टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. आतून निघालं ते चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं, मऊ काहीतरी.

‘अवं, हे पाह्य,’ ते म्हणाले, ‘आपण तर मुडद्याले रंगवून राह्यलो होतो.’

‘दसऱ्याच्या दिवशी काहीही बोलू नका,’ मी म्हटलं.

तिथून तो हंगाम सुरू झाला. आमच्या घरात तो लाकूड की फायबर ह्या एका प्रश्नाचा हंगाम होता. दिवाळी आली, गेली. लोक फराळाला आले तर ह्यांनी त्यांना चकल्या हातात देऊन मागच्या अंगणात नेलं. एक पक्ष लाकडाचा: बाकी सगळी नाव लाकडाची आहे, तर फळीही लाकडाचीच हवी. दुसरा पक्ष कंपोझिटचा, म्हणजे काचेचे धागे आणि रसायन यांची दाबून केलेली तयार पाटी मागवायची. ती सडत नाही, फुगत नाही, वाळवी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. एकदा बसवली की विसरून जा. दोन्ही पक्ष हे एकटेच चालवायचे. सकाळी लाकडाचे असायचे, जेवण झालं की फायबरचे.

मोहन मिस्त्रीने नाव बांधली होती. तो सुतार, तेव्हा निदान तो तरी लाकडाची बाजू घेईल असं मला वाटलं होतं. तो आला, फळी पाहिली, पुडी तोंडात सोडली आणि निकाल दिला.

‘साहब, फायबर लावून टाका. झंझट खतम. आजकल लकडीले कोन पुसते?’

‘अरे, तू सुतार आहेस ना?’ मी विचारलं.

‘म्हणूनच सांगून राह्यलो, भाभीजी. माही कंबर गेली लकडी उचलू उचलू.’

ह्यांनी त्याला आपली शंका सांगितली. ‘बाकी नाव पावसात फुगन, उन्हात आक्रसन. हे तुहं फायबर मधातच बसन, नाई फुगन, नाई आक्रसन. मंग सांधा फाटन का नाई?’ मोहनने ‘मसाला भरून टाकू’ म्हणून हात झटकले. त्याच्याकडे प्रत्येक फटीवर मसाला हेच उत्तर असतं.

कंपोझिटची चौकशी करायला आम्ही बसने गोंदियाला गेलो. राजेगावला पूल ओलांडून महाराष्ट्रात शिरलो की ह्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘घे, आली माह्या सासुरवाडीची हद्द.’ खरं तर माझं माहेरही तिकडचं आणि सासरची मूळ माणसंही तिकडचीच, पण पूल आला की बोलायचंच. त्यांना गोंदियात एक तळहाताएवढा नमुना मिळाला. पिवळट, हलका, कडेने काचेसारखा चमकणारा. परत येताना बसभर तो त्यांनी मांडीवर ठेवला होता, लहान मुलाने खेळणं ठेवावं तसा. पुढच्याच आठवड्यात किरनापूरच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर जाऊन बीजा नावाच्या झाडाच्या दोन जाड फळ्याही घेऊन आले. मी म्हटलं, एक काय ते ठरवा. तर म्हणाले, ‘बीजाले वाळाले वर्ष लागते. ठरोस्तोवर वाळून तर राहीन.’ फळ्यांच्या टोकांना शेण फासलं, म्हणजे एकदम सुकून चिरा पडत नाहीत, आणि मधे काड्या ठेवून त्या ओसरीत सावलीला रचल्या. ओसरीत चालायची जागा गेली ती गेलीच.

मग परीक्षा सुरू झाली. ओट्यावर दोन स्टीलचे ग्लास. एकात कंपोझिटचा तुकडा बुडवलेला, दुसऱ्यात बीजाचा. रोज सकाळी काढून पाहायचे, पुसायचे, वजन करायचे, पुन्हा बुडवायचे. कंपोझिट जसं होतं तसंच निघायचं. बीजाचं पाणी मात्र पहिल्याच दिवशी चहासारखं तांबूस झालं, आणि ग्लास खिडकीशी धरला की त्याच्या काठावर निळी झाक दिसायची, मोराच्या मानेवर असते तशी. आमच्या भागात शुगरवाले लोक बीजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पितात. ह्यांना शुगर होती. ते परीक्षेचं पाणी पिऊन टाकायचे.

‘फळीची बी टेस्ट, माही बी टेस्ट,’ म्हणायचे. मग कंपोझिटचा ग्लास माझ्यापुढे सरकवून, ‘तू हे पी. सडशीन नाई.’

त्या थंडीतला खरा आवाज मात्र ठोकण्याचा. एकदा ते ‘भद्द’ ऐकल्यापासून ह्यांना ठोकायचं वेडच लागलं. उठले की घरातलं जे लाकूड दिसेल त्याच्यावर बोटाचं पेर वाजवायचे. चौकटी, दारं, पलंग, पाटा-वरवंट्याखालचं फळकूट. ओसरीतल्या बीजाच्या फळ्यांवर तर रोजच. कान लावून ऐकायचे आणि मला हाक मारायचे, ‘ऐकून राह्यली का? काल ओली बोलत होती, आज जराशी कोरडी बोलली.’ मला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. पण मी ‘हौ’ म्हणायचे. एकदा माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाले, ‘इथसा पोकळ वाजते.’ मी लाटणं उगारलं. असे ते दिवस होते. त्यात काही घडत नव्हतं, आणि मला ते हवेहवेसे वाटतात ते त्यासाठीच.

संक्रांत झाली. मोहन आला, त्याने आणि ह्यांनी मिळून कुजलेली फळी करवतीने कापून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी हे जांभळाखाली खुर्ची टाकून त्या मोकळ्या जागेची मापं घेत बसले होते. मी आतून जेवायला हाक मारली. पुन्हा मारली. बाहेर गेले तर टेप हातातच होता, गुंडाळून घेतलेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तिळगुळाचा डबा अजून भरलेला होता आणि लोक समाचाराला आले तेव्हा मी, काही न सुचून, त्यांच्यापुढे तोच केला होता.

त्यानंतर मुलगा मला पुण्याला घेऊन गेला. त्याचं नाव निखिल. त्याने मनापासून केलं, सुनेनेही केलं, मी कुणाला बोल लावणार नाही. पण दोघं सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि मी त्या उंच खोलीत बसून लिफ्टचा आवाज मोजायचे. महिना-दीड महिन्यात ‘घर आवरून येते’ म्हणून परत आले. ते घर मी अजून आवरतेच आहे.

इथे मी सुखात आहे असं मात्र कुणी समजू नये. नाही. एकटेपणा इथेही आहे आणि चांगला जाड आहे. एक वाटी तांदूळ धुताना तो असतो. शेजारी भली माणसं आहेत, पण सगळी हिंदीत बोलतात. त्यांतली मराठी घरंही आता हिंदीत भांडतात. माझी मराठी ओसरीत पडलेल्या फळ्यांसारखी पडून असते. कुणाला ‘काहून?’ म्हणून विचारायचं तर तसं विचारण्याजोगं घरात कुणी नाही. ओट्यावरचे दोन्ही ग्लास मी उचलले नव्हते. पाणी आटलं, तळाला दोन तुकडे राहिले.

यंदाच्या दिवाळीत निखिलचा फोन आला. त्याने सगळा विचार करून ठेवला होता.

‘आई, पप्पांच्या नावेला मी कंपोझिटची पाटी ऑर्डर करतो. मोहनभैया बसवून देतील. मग काही बघायलाच नको. उन्हापावसात पडू दे, कुणी हात नाही लावला तरी चालेल. नाव पण राहील, आणि तू पण इकडे येऊ शकशील.’

‘आणि लाकडाची केली तर?’

‘लाकडाची केली तर दरवर्षी कोण बघणार? काढा, वाळवा, तेल लावा, डांबर लावा, बोल्ट तपासा. तिथं असेल कोण?’

त्याचं चुकत नव्हतं. वडील गेले तरी त्यांची नाव टिकावी, ही त्याचीही इच्छा होती, आणि आई एकटी राहू नये ही त्याहून मोठी. एका पाटीत त्याने दोन्ही बसवलं होतं. सडणार नाही अशी फळी लावली की मला बालाघाटात थांबायचं कारण उरत नव्हतं. सडू शकेल अशी लावली तर कुणीतरी इथे राहायलाच हवं होतं. कोंडा उडू दे, थंडी पडू दे, मग सांगते, असं मी म्हटलं, ते यासाठी. ठरवायचं होतं ते फळीचं नव्हतंच.

परवा सकाळी अंगण झाडून झालं. पायाखाली कोंडा खरखरला. मी ओट्यावरचा कंपोझिटचा तुकडा घेतला आणि ओसरीत जाऊन बसले. तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर बोटाचं पेर वाजवलं. टक. दुसऱ्या कोपऱ्यात वाजवलं. टक. इतके महिने पाण्यात राहून, मग कोरड्या ग्लासात राहून तो होता तसाच होता. जाणकार म्हणतील की तोही बोलतो, ऐकणारा कान हवा. असेल. मला काही ऐकू आलं नाही.

मग बीजाच्या फळीवर वाजवलं. टोकाकडचं शेण वाळून गळून गेलं होतं. आवाज आला तो ठण्ण असा, लांबवर गेलेला, फळीच्या पार त्या टोकापर्यंत. मधोमध वाजवलं तर थोडा खालच्या सुरात आला. दुसऱ्या फळीवर एका जागी किंचित दबका होता, तिथे एक गाठ होती. मी तिथेच बसून कितीतरी वेळ ठोकत राहिले. ‘कोरडी बोलली’ म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा कळलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. तेव्हा मी रडले. पदराने नाक पुसत मी पुन्हा ठोकलं, आणि पुन्हा तिने उत्तर दिलं. या घरात वर्षभर मी ठोकल्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

मोहनला निरोप धाडला. तो आला, कमरेवर हात ठेवून फळ्यांकडे बघत म्हणाला, ‘भाभीजी, बीजा बी सडते हं. गारंटी नाई.’

‘मले माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘तू बसव.’

‘हर साल पाहाव लागन.’

‘म्हणूनच.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुडी फाडली, आणि बोल्टांच्या भोकांत आतून राळ भरायची की डांबर, यावर आम्ही हुज्जत घालू लागलो. तासभर हुज्जत घातली. इतकं मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते. नाव पुढे कोण चालवणार, मोटर मला दोरी ओढून तरी सुरू करता येईल का, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

निखिलला त्या संध्याकाळी फोन केला. दोन्हीकडे काय जेवलात ते झालं, पुण्याची थंडी झाली. मग मी म्हटलं, ‘फळी लाकडाची बसवून राह्यली मी. बीजाची. पप्पांनी वाळवलेली.’

‘म्हणजे दरवर्षी पाहावं लागेल,’ तो म्हणाला.

‘हौ.’

‘तुलाच पाहावं लागेल.’

‘हौ.’

मला वाटलं आता रागावेल, किंवा समजूत घालायला लागेल. मीही मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही.

‘मग दसऱ्याला रंग नको लावू, आई,’ तो म्हणाला. ‘ओल्यावर नको. पूजा तशीच कर. दिवाळी होऊ दे, चांगली वाळू दे. मी सुट्टी काढून येतो, मग दोघं मिळून रंगवू.’

तो येईल की नाही, मला माहीत नाही. सुट्ट्या मिळत नाहीत, तिकिटं मिळत नाहीत, माणसाच्या मागे शंभर कामं असतात. पण पुढच्या दसऱ्याला मी नावेला रंग लावणार नाही. नुसतं हळदकुंकू लावीन, झेंडू बांधीन, आणि रोज सकाळी अंगणात जाऊन फळीवर ठोकून पाहीन, वाळली का म्हणून.